गाडी बोटीनं, आपण विमानानं

दोन अंकांपूर्वी मी माझी मोटरसायकल पेटीत घालून बोटीनं केनियातल्या मोंबासा बंदरात पाठवल्याचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा पाऊस पडला. सगळ्यांना एकच विचारायचं आहे: स्वतःची मोटरसायकल परदेशात न्यायची कशी? म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं. नव्या वाचकांसाठी सांगते, न्हावा शेवा बंदरात एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या, म्हणजे लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून परदेशी पाठवणाऱ्या, ऑफिसात मी 27 वर्षं काढली. द्राक्षं पाठवली, कांदा पाठवला, ग्रॅनाइटच्या लाद्या पाठवल्या, एकदा एक अख्खा लग्नमंडप पाठवला. 2018 साली पहिल्यांदा ‘शिपर’च्या, म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या, रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. तेव्हा जे सांगते आहे त्यातलं अर्धं नोकरीतलं आणि अर्धं हात पोळून घेतलेलं आहे.

ताई, मी आणि माझा मित्र, दोघंही पन्नाशीचे. माझ्याकडे 2019 ची रॉयल एनफील्ड हिमालयन आहे. लडाख झालं, स्पिती झालं, अरुणाचल झालं. आता केनिया आणि टांझानिया करायचं आहे, तेही आपल्याच गाडीवर. मला 20 दिवस रजा मिळेल. गाडी बोटीनं पाठवायची तर किती आधी आणि साधारण खर्च कसा येतो? सगळे म्हणतात तिथं भाड्यानं घ्या. पण परक्या गाडीवर बसून कसली आलीय ट्रिप! (कोल्हापूर)

दादा, 20 दिवसच असतील तर नेऊ नका. पत्राच्या शेवटी सांगितलं असतं तर तुम्ही तिथवर वाचलं नसतं, म्हणून आधीच सांगून टाकते.

आता कारण. मुंबई ते मोंबासा समुद्रानं सुमारे 2,400 सागरी मैल. जहाज थेट गेलं तर आठवड्याचा प्रवास. पण तुमची एक गाडी म्हणजे अख्खा कंटेनर नव्हे. ती एलसीएलमध्ये जाणार, म्हणजे दहा जणांच्या मालासोबत एका कंटेनरात. तो कंटेनर भरेपर्यंत थांबायचं, वाटेत दुसऱ्या बंदरात जहाज बदललं तर तिथं थांबायचं, मोंबासाला उतरल्यावर तो फोडून माल वेगळा होईपर्यंत थांबायचं. मी सहा आठवडे धरले होते आणि ते पुरले. परतीलाही तेवढेच. थोडक्यात, 20 दिवस चालवण्यासाठी गाडी साडेतीन महिने दारात नसणार.

आणि त्या 20 दिवसांतले किती दिवस गाडी खरोखर हातात असेल? मी मोंबासाला सोडवणुकीसाठी तीन दिवस राखून ठेवले होते. लागले नऊ. दोष कुणाचा? माझा. 27 वर्षं लोकांच्या कागदांतल्या चुका काढल्या आणि स्वतःच्या बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाजकंपनीच्या मालपावतीच्या, मसुद्यात इंजिन नंबर टाइप करताना 8 च्या जागी इंग्रजी बी लिहिला. कार्नेवर (हा गाडीचा पासपोर्ट, त्याबद्दल पुढच्या पत्रात) 8, गाडीवर 8, बिल ऑफ लेडिंगवर बी. तिथल्या कस्टम्सच्या बाईंनी चष्मा नाकावर सरकवून तो बी मला बोटानं दाखवला आणि शांतपणे कागद परत केला. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. मग मुंबईहून दुरुस्तीचं पत्र आणि रोजचं गोदामभाडं. सहा दिवस मी ओल्ड टाउनमध्ये खसखस न घातलेला हलवा खात बसले. (हलवा चांगला असतो. पण सहा दिवस?)

म्हणून पहिला धडा: इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीवरून उतरवू नका. गाडीपाशी बसा, चिखल पुसा, कोरलेले आकडे टॉर्च मारून वाचा, फोटो काढा. मग तो फोटो समोर ठेवून दुसऱ्या माणसाकडून प्रत्येक कागद मोठ्यानं वाचून घ्या. शिपिंग बिल (निर्यातीसाठी आपल्या कस्टम्सला द्यायचा कागद), बिल ऑफ लेडिंग, कार्ने, विमा. आरसीवरच चूक असेल तर ती आधी आरटीओत दुरुस्त करून घ्यावी लागेल. अशी चूक असलेल्या आरसी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

खर्चाचं विचारलंत. रुपयांचा आकडा मी देणार नाही, भाडं दर महिन्याला हलतं. पण भाडं मोजतात कसं ते कळलं तर तुम्हीच ते कमी कराल. पेटीच्या आकारावर मोजतात. तुमची हिमालयन 219 सेंटिमीटर लांब, 84 रुंद, 136 उंच. तशीच उभी करून भोवती पेटी बांधली तर ती 225 बाय 90 बाय 140 होते, म्हणजे 2.8 घनमीटर. आता पुढचं चाक काढा, हँडल सोडवून टाकीवर आडवं बांधा, काच आणि आरसे उतरवा. पेटी 200 बाय 80 बाय 115 वर येते: 1.84 घनमीटर. एका दुपारच्या पाना-पक्कडीत तिसरा हिस्सा वाचला. विमानाचा हिशेब तर याहून बोचरा. तिथं घनसेंटिमीटरला 6,000 नं भागून येणारं वजन आणि काट्यावरचं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. पहिली पेटी 472 किलोची ठरते, दुसरी 307 ची. गाडी मात्र दोन्हीत तीच, दोनशेच्या आतबाहेरची.

समुद्रभाड्याचा आकडा ऐकून लोक खूश होतात, कारण तो खरंच छोटा असतो. खरा खर्च पलीकडच्या किनाऱ्यावर आहे: कंटेनर फोडणावळ, हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात द्यायची चिठ्ठी), गोदाम, तिथल्या एजंटाची फी. मला मोंबासाचा हा खर्च समुद्रभाड्याच्या अडीचपट पडला, वर माझ्या त्या ‘बी’चा दंड वेगळा. तेव्हा इथल्या एजंटाला एकच प्रश्न विचारा: ‘गाडी माझ्या हातात पडेपर्यंत तिकडे काय काय भरायचं ते लेखी द्या.’ जो म्हणेल ‘ते तिकडे गेल्यावर बघू’, त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

पेटीच्या लाकडाबद्दल. गावातला सुतार आंब्याच्या फळ्या ठोकून झकास पेटी करून देईल. ती चालणार नाही. लाकडातून कीड जाऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आहे. फळीच्या गाभ्यापर्यंत 56 अंश तापमान सलग 30 मिनिटं द्यायचं आणि मग त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारायचा. शिक्का नसलेली पेटी पलीकडे अडकते. प्लायवुड या नियमातून सुटतं, कारण ते मुळातच उष्णता आणि गोंदानं तयार होतं. मी तळाला शिक्क्याच्या पट्ट्या आणि बाजूंना प्लाय लावलं. उरण-पनवेल पट्ट्यात अशा पेट्या बांधणारे भरपूर आहेत.

गाडी पेटीत आवळताना पट्टे हँडलला लावू नका, खाली फोर्कच्या क्लॅम्पला लावा. आणि शॉकअप पार दाबून आवळू नका, सहा आठवडे तसेच राहिले तर सील जातात. साखळीला ग्रीस, सुट्या लोखंडाला तेलाचा हात, आत सिलिका जेलच्या पिशव्या. जुलैच्या दर्यावरची हवा कोकणातल्यासारखीच असते, लोखंड चाटून खाते.

आता तुमचं ते वाक्य, ‘परक्या गाडीवर कसली ट्रिप’. ते मला पटतं. माझी उंची पाच फूट एक इंच. माझीही हिमालयनच, तिची सीट 80 सेंटिमीटरवर. पनवेलच्या एका सीटवाल्यानं माझ्यासाठी फोम तासून ती खाली आणलेली. नैरोबीत भाड्यानं मिळणाऱ्या गाड्या मी पाहिल्या, त्यांवर बसून माझे पाय जमिनीला लागले नसते. मुरमाच्या रस्त्यावर पाय न टेकणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. माझ्याकडे निवृत्तीनंतरचे दोन महिने होते, म्हणून पेटी बांधली. तुमच्याकडे दोन महिने असते तर मीच तुम्हाला एजंट शोधून दिला असता.

आणि एक गंमत. तिकडे मोटरसायकलला पिकीपिकी म्हणतात, भाड्यानं माणसं वाहणारी ती बोडाबोडा. त्या सगळ्यांत आपल्या पुण्याच्या बजाजची बॉक्सर इतकी, की टपरीवजा गॅरेजातही तिचे पार्ट टांगलेले. व्होई गावाजवळ माझी क्लच केबल तुटली तेव्हा मेकॅनिकनं हिमालयनभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, ‘मामा (तिकडे मामा म्हणजे आई), बॉक्सर का नाही आणलीस?’ मग बॉक्सरचीच केबल काहीतरी करून बसवून दिली. ती मी पनवेलपर्यंत आणली. टांझानियात तर तीनचाकी रिक्षाचं नावच ‘बजाजी’. आपलं ‘दुकान’ तिकडे ‘दुका’ झालंय, ‘गाडी’ची ‘गारी’ झालीय. माणूस परका वाटत नाही.

जाणार असाल, भाड्यानं का होईना, तर मार्च ते मे टाळा, तो तिथला मोठा पाऊस. जून ते सप्टेंबर उत्तम. मोंबासा-नैरोबी रस्ता सुमारे 480 किलोमीटर, ट्रकांनी भरलेला, पण तो पूर्व आणि पश्चिम त्सावो या दोन अभयारण्यांच्या मधून जातो. शेजारून 2017 साली सुरू झालेली रेल्वे उंच भरावावरून जाते आणि खालून हत्तींना जायला वाटा ठेवल्या आहेत. मी अर्धा तास थांबून होते, तीन हत्ती आले. मसाई मारा, अंबोसेली, सेरेनगेटी यांत मोटरसायकल सोडत नाहीत, तिथं जीप करावी लागते. टांझानियात मिकुमीच्या अभयारण्यातून मात्र हमरस्ताच जातो, तिथं जिराफ आणि तुमच्यात फक्त रस्त्याची पांढरी पट्टी असते.

आमच्या ‘ह्यांना’ जूनमध्ये मोटरसायकल घेऊन आफ्रिकेत जायचंय. कार्ने नावाचं काहीतरी काढायचं म्हणून बँक गॅरंटी द्यायची आहे आणि त्यासाठी आमची एफडी अडकवायची म्हणतात. हे कार्ने म्हणजे काय? पैसे बुडत नाहीत ना? (नाव छापू नये, नाशिक)

पैसे बुडत नाहीत, ताई. बुडवता येतात मात्र.

कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट समजा. परक्या देशाला भीती असते की हा पाहुणा गाडी आणून इथंच विकेल आणि आमची आयातजकात बुडेल. तर ‘गाडी परत गेली नाही तर जकात आम्ही भरू’ अशी हमी आपल्या देशातली ऑटोमोबाइल असोसिएशन देते. मुंबईत ते काम चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन करते, 1919 सालची जुनी संस्था. ती हमी ते हवेत देणार नाहीत, म्हणून तुमच्याकडून बँक गॅरंटी घेतात. कोणत्या देशांत जायचं त्यावर रक्कम ठरते, जकात जास्त तिथं रक्कम जास्त. म्हणून ‘असू दे, कधीतरी जाऊ’ म्हणत यादीत जादा देश घालू देऊ नका.

पुस्तकाची मुदत एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना एक तुकडा फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा. तिसरा पुस्तकातच राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के लागतात. सगळी गंमत या दुसऱ्या शिक्क्यात आहे. येताना कस्टम्सवाले तुम्हाला अडवतात, म्हणून शिक्का होतोच. जाताना कुणी अडवत नाही. संध्याकाळ झालेली असते, हॉटेल गाठायचं असतं, माणूस सुसाट निघतो. त्या देशाच्या दप्तरी गाडी अजून तिथंच असते. सहा महिन्यांनी जकातीची मागणी येते, आणि तेव्हा तुमची एफडी आठवते. असं झालंच तर पुस्तकाच्या शेवटी ‘गाडी अमुक ठिकाणी प्रत्यक्ष पाहिली’ असा दाखला असतो, तो परतल्यावर कस्टम्सकडून भरून घेऊन प्रकरण मिटवता येतं. पण त्यात चपला झिजतात.

‘ह्यांना’ सांगा, प्रत्येक सीमेवर बाहेर पडण्यापूर्वी त्या पानाचा फोटो काढून घरी पाठवायचा. तुम्ही तो बघायचा आणि दोन शिक्के मोजायचे. दोन दिसले तरच जेवायला जायची परवानगी. मी गेले तेव्हा माझी मुलगी घरी बसून हे करत होती. केनिया-टांझानियामधल्या नमांगाच्या सीमेवर तिनं मला परत पाठवलं होतं.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागेल. गाडी ‘ह्यांच्या’ नावावर आहे की सासऱ्यांच्या, तेही बघा. आणि परतल्यावर न्हावा शेव्याला ही तीच गाडी आहे हे दाखवावं लागतं, नाहीतर आपल्याच गाडीवर आपल्याच देशात जकात मागतील. त्यासाठी जातानाचं शिपिंग बिल घरात जपून ठेवा. पुस्तक रद्द करून हमी मोकळी करून घेतल्याशिवाय एफडी सुटत नाही. अनेकजण ट्रिपचे फोटो लावण्यात वर्ष घालवतात आणि हे विसरतात.

मी 24 वर्षांचा आहे. पुढच्या उन्हाळ्यात माझी 650 सीसीची मोटरसायकल विमानानं म्युनिकला नेऊन आल्प्समध्ये सहा आठवडे फिरायचं आहे. सायलेन्सर बदललेला आहे, आवाज एकदम भारी. कार्ने लागेल का? आपला विमा चालेल का? (ठाणे)

युरोपीय संघात पाहुण्याची खासगी गाडी सहा महिन्यांपर्यंत जकातीशिवाय राहू शकते, त्यासाठी कार्ने लागत नाही. पण विमानतळावर पेटीतून आलेली गाडी सोडवायला तिथला एजंट लागेलच.

विमा चालणार नाही. आपली पॉलिसी भारतापुरती. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीवपर्यंत वाढवता येते, आल्प्सपर्यंत नाही. तिथं सीमाविमा विकत घ्यावा लागेल, ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात. त्याची व्यवस्था इथून निघण्यापूर्वी करून ठेव, गोदामाच्या दारात उभा राहून शोधत बसू नकोस. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ, अर्ज 4-ए, मुदत एक वर्ष. हेडलाइट आपल्याकडे डावीकडे झुकतो. तिथं उजव्या बाजूनं चालवायचं, म्हणजे तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. काचेवर कोपऱ्यात काळी पट्टी चिकटव.

आणि तो सायलेन्सर. बाळा, ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात रॉयटे जिल्ह्यातल्या निवडक रस्त्यांवर 2020 च्या उन्हाळ्यात 95 डेसिबलपेक्षा जास्त आवाजाच्या मोटरसायकलींना बंदी आली, ती तिथल्या लोकांनी आवाजाला कंटाळून मागितली म्हणून. कंपनीचा मूळ सायलेन्सर बसवूनच पेटी बंद कर. ऑस्ट्रियातल्या ग्रॉसग्लॉकनरच्या घाटरस्त्याला 36 वळणं आहेत, इटलीतल्या स्टेल्वियो घाटाला एका बाजूनं 48. तिथं तुला ऐकायला बरंच काही मिळेल, ते स्वतःच्या धुराड्याखाली बुडवू नकोस. विमानाचं भाडं तुझ्या पगारात बसतंय का तेही बघ. मघाशी कोल्हापूरकरांना सांगितलेला घनसेंटिमीटरचा हिशेब वाच आणि टेप घेऊन गाडीपाशी जा.

केनियाला जाताना ‘यलो कार्ड’ लागतं असं एकजण म्हणतो लसीबद्दल, दुसरा म्हणतो विम्याबद्दल. खरं काय? (पुणे)

दोघंही खरे. एक पिवळं कार्ड पीतज्वराच्या लसीचं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची, आणि 2016 पासून ते कार्ड आयुष्यभर चालतं. ते नसेल तर खरी पंचाईत परतताना होते, कारण आपलंच विमानतळ तुम्हाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. दुसरं पिवळं कार्ड कोमेसाचं (पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांचा व्यापारसंघ), गाडीच्या थर्ड पार्टी विम्याचं. केनियात विमा घेताना ते मागून घ्या, म्हणजे पुढे युगांडा, टांझानियात पुन्हा विमा घ्यावा लागत नाही. सीमेवर पोलिसानं ‘यलो कार्ड’ मागितलं की आधी बघा तो तुमच्या दंडाकडे पाहतोय की गाडीकडे.

केनियाला जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन पूर्वपरवानगी आहे, ती विसरू नका. आणि सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळायची आपली सवय इथंच सोडा. केनियानं ऑगस्ट 2017 मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, टांझानियानं जून 2019 मध्ये. कापडी पिशव्या किंवा जाड रबरी बॅगा घ्या.

पेटीत गाडीसोबत हेल्मेट, जॅकेट, थोडा फराळ ठेवला तर चालतो ना? (मडगाव)

जे यादीत लिहिलंय तेच पेटीत हवं. गाडीचे सुटे भाग, हत्यारं लिहून ठेवा. हेल्मेट आणि जॅकेट अंगावर न्या, पेटी उशिरा आली तर निदान भाड्याच्या गाडीवर बसता येईल. फराळ अजिबात नको. आमच्या ऑफिसात एका गृहस्थाच्या साइड बॉक्समध्ये कैरीचं लोणचं निघालं होतं, यादीत नसलेलं. सहा आठवड्यांच्या उकाड्यात बरणीनं काय केलं असेल ते सांगत नाही. त्या बॉक्सचं झाकण पुढे कधी बंद झालं नाही.

पेटीत घालताना टाकीत किती पेट्रोल ठेवावं? (उरण)

शेजारीच राहता, कधीही विचारलं असतंत की! थेंबभरही नाही. टाकी रिकामी करा, मग गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. बॅटरीची तोंडं सोडवून त्यावर टेप लावा. पेट्रोलची गाडी हा धोकादायक माल धरला जातो आणि जहाजवाले याबाबत तडजोड करत नाहीत.

पण मग मोंबासाच्या गोदामातून गाडी बाहेर काढल्यावर पंपापर्यंत जायचं कसं, हा विचार मी केला नव्हता. नऊ दिवसांनी गाडी हातात आली, मी ऐटीत हेल्मेट चढवलं, बटण दाबलं. नुसतीच घरघर. फाटकापाशी बोडाबोडावाल्यांचा घोळका बसला होता, ते सगळं पाहत होते. त्यातला एक काही न विचारता निघून गेला आणि दहा मिनिटांनी पाण्याच्या बाटलीतून लिटरभर पेट्रोल घेऊन आला. पैसे पेट्रोलचेच घेतले, फेरीचे नाही. बॉक्सरच होती त्याचीही.